मिनिएचरची पाठ पण दाखवा की! लेबल लिहिणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या म्युझियममध्ये चित्रांची लेबलं लिहिणारे, काचेच्या पेट्या लावणारे आणि वेबसाइटवर फोटो चढवणारे सगळे,

नमस्कार.

पत्र मराठीत आहे कारण मला इंग्रजीत नीट भांडता येत नाही. मुलगा म्हणाला मी लिहून देतो, त्याने पहिला पॅरा लिहिलाही, पण तो इतका गुळमुळीत होता की वाचून तुम्हाला वाटलं असतं ही बाई आभार मानतेय. राहू दे म्हटलं. तुमच्या ऑफिसात कुणीतरी मराठी असेलच, आमची माणसं कुठे नसतात, त्याला वाचायला सांगा.

मी कोल्हापूरची. मुलगा बोस्टनच्या जवळ राहतो त्यामुळे एक वर्षाआड सहा महिने इथे असते. नातवंडं शाळेत गेली की दुपार मोकळी, मग म्युझियम. गेल्या महिन्यात अशाच एका मोठ्या म्युझियममध्ये (नाव घेत नाही, गार्ड बिचारा चांगला होता) दोन भल्यामोठ्या हॉलच्या मधल्या बोळात, टॉयलेटकडे जायच्या वाटेवर, एक बुटकी काचेची पेटी दिसली. त्यात वीसेक चिमुकली चित्रं, मिनिएचर म्हणतात ती. बायका, टोपी घातलेली म्हातारी, लाल कोटातला एक पोरसवदा सोल्जर. अंड्याएवढी, काही तर त्याहून लहान. लेबल काय, तर "अनोळखी स्त्री, साधारण १८००, हस्तिदंतावर जलरंग". पुढचं लेबल, "अनोळखी गृहस्थ, हस्तिदंतावर जलरंग". बास. वीस चित्रांना वीस वेळा तेच. मी पर्समधून भिंग काढलं आणि वाकले तर गार्ड म्हणाला मॅम प्लीज जरा मागे. मी मागे सरले पण राग काही मागे सरला नाही, म्हणून हे पत्र.

आता मी का एवढी तडतड करतेय ते सांगते. माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. रंगीत फिल्म गावात यायच्या आधी लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो ते हाताने रंगवून द्यायचे. ट्रिपल झीरोचा ब्रश, त्याला ओठात धरून टोक काढायचं, गालावर गुलाबी, ओठावर त्याहून जरा गडद, पैठणीचा काठ, मंगळसूत्राच्या वाट्यांना पिवळा. दिवसभर मान खाली आणि डोळ्याला भिंग. रंग पारदर्शक लागायचा, जाड लावला की चेहरा थोबाडीत मारल्यासारखा दिसायचा, हे त्यांचेच शब्द. मी दहा वर्षांची असल्यापासून शेजारी बसून पाणी बदलायचं काम केलंय. त्यामुळे त्या पेटीतल्या एका बाईच्या गालाकडे बघितल्या बघितल्या मला कळलं की हा माणूस रंग घासत नाहीये, केसाएवढ्या बारीक रेघा एकमेकींना आडव्या टाकत चाललाय आणि मधे मधे खालचा हस्तिदंत तसाच कोरा सोडतोय. तो कोरा सोडलेला भाग म्हणजेच तिची कातडी! हे तुमच्या लेबलात का नाही?

बरं मग घरी येऊन वाचायला लागले. मुलाने लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणून दिली, डिक्शनरी घेऊन बसले. हस्तिदंतावर रंगवायची युक्ती मूळ अमेरिकेतली नाहीच, व्हेनिसमधल्या रोझाल्बा कॅरिएरा नावाच्या बाईने साधारण १७०० च्या सुमाराला तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर ती सुरू केली, त्याआधी असली चित्रं वासराच्या पातळ कातड्यावर काढायचे. तिथून ती इंग्लंडात आणि इंग्लंडातून अमेरिकन वसाहतींत. आणि अमेरिकेतही अगदी सुरुवातीच्या लोकांत एक बाईच आहे, चार्ल्सटनची मेरी रॉबर्ट्स. नवरा चित्रकार होता, तो गेला, तर हिने १७४० मध्ये पेपरात जाहिरात दिली की चेहरे उत्तम रंगवून मिळतील, आणि घरातला छापखाना विकणे आहे. एका जाहिरातीत दोन्ही! आमच्याकडे स्टुडिओच्या पाटीवर फोटोफ्रेम आणि झेरॉक्स एकत्र असायचं तसंच. ती १७६१ मध्ये गेली. तिचं काम अगदी मोजकं उरलंय.

आता कामाची पद्धत, कारण ही तुम्ही सांगत नाही. सुळ्याचा काप एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काढायचा. हस्तिदंत मुळात तेलकट आणि गुळगुळीत, त्याच्यावर पाण्याचा रंग टिकतच नाही, घसरतो. म्हणून आधी त्यातलं तेल काढायचं, उन्हात ठेवून पांढरा करायचा, मग प्युमिस दगडाच्या पुडीने किंचित खरखरीत करायचा. रंगात डिंक जास्त घालायचा. आणि तरी कागदावर देतो तसा ओला हात मारला तर खालचा थर उचलून येतो, कारण हस्तिदंत रंग पीतच नाही, तो नुसता वर बसतो. म्हणून ठिपके आणि रेघा, ठिपके आणि रेघा, वाळू द्यायचं, परत. काही जण कापाच्या मागे चांदीचा वर्ख किंवा चकचकीत पत्रा ठेवायचे म्हणजे उजेड आरपार जाऊन परत यायचा आणि चेहरा आतून उजळल्यासारखा दिसायचा. तुमचा तो पेटीतला दिवा अंधुक असतो त्याची मला तक्रार नाही हां, मला माहितीये की असल्या जलरंगाला पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर उजेड द्यायचा नसतो, गालावरची लाली सगळ्यात आधी उडते. बाबा पण रंगवलेला फोटो खिडकीसमोर लावू नका म्हणून गिऱ्हाइकाला दहादा बजावायचे आणि लोक बरोब्बर खिडकीसमोर लावायचे. पण अंधुक उजेडात बघायचंय तर निदान भिंग तरी बांधून ठेवा ना पेटीला साखळीने. बँकेत पेन बांधतात तसं.

न्यूपोर्टचा एडवर्ड ग्रीन मॅलबोन. याच्याबद्दल जरा थांबून सांगते कारण मला तो फार आवडला. १७७७ चा जन्म, बहुतेक सगळं स्वतःच शिकलेला. प्रॉव्हिडन्स, बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन असा गावोगाव फिरून रंगवायचा, १८०१ मध्ये वॉशिंग्टन ऑलस्टन या मित्राबरोबर लंडनलाही जाऊन आला. त्याच्या आधीचे लोक, म्हणजे बोस्टनचा चित्रकार कोपली वगैरे, छोटे छोटे ओव्हल करायचे, जरा दाट रंगाचे. मॅलबोनच्या पिढीत काप मोठा झाला आणि रंग पातळ झाला, मागची बाजू नुसती धुरासारखी. त्याच्या रेघा भिंगातून बघितल्या तर जाळीसारख्या दिसतात आणि भिंग काढलं की जाळी गायब आणि समोर जिवंत बाई. क्षयाने १८०७ मध्ये सवाना शहरात गेला, तिसावं पण पुरं झालं नव्हतं. जेमतेम बारा-तेरा वर्षांचं काम! आणि लेबलावर त्याला मिळते एक ओळ.

तर पहिली गोष्ट जी मला म्हणायची आहे, ती म्हणजे तुम्ही या वस्तूला भिंतीवरच्या चित्राच्या लहान भावासारखं वागवता. अहो ही चित्रं भिंतीची नाहीतच. ही अंगावर घालायची. गळ्यात, मनगटाला, कंबरेच्या साखळीला, नाहीतर खिशातल्या डबीत. दागिना आहे तो. कोपलीच्या मिनिएचरला सोन्याची चौकट कोण करून द्यायचं माहितीये का, पॉल रिव्हिअर! तोच तो इंग्रज फौज येतेय ही बातमी द्यायला रात्री घोड्यावरून निघालेला, तुमच्या बोस्टनचा लाडका. तो सराफ होता आणि त्याच्या हिशोबाच्या वह्यांत कोपलीचं काम लिहिलेलं आहे. आणि दागिन्याला पाठ असते. कुठल्याही सोनाराला विचारा, तो दागिना आधी उलटा करून बघतो.

या मिनिएचरच्या पाठीला काय असतं? केस. माणसाचे खरे केस. चित्रातल्या माणसाचे, कधी दोघांचे एकत्र गुंफलेले, बारीक वेणी घालून काचेखाली बसवलेले, वर सोन्याच्या तारेत नावाची अक्षरं नाहीतर बारीक मोती. कुणी गेलं असेल तर केसांची पूड करून रंगात मिसळायची आणि त्याच रंगाने थडगं आणि वाकलेलं विलोचं झाड काढायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा कसंतरीच झालं, आपल्याकडे गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवायची कल्पनाच नाही. पण मग आठवलं, जावळाचे केस पुडीत बांधून ठेवलेली आई माझ्या पाहण्यात आहे. असो. मुद्दा असा की समोरून चेहरा हा जगासाठी आणि मागचे केस हे जिच्या छातीवर ते रुळायचं तिच्यासाठी, कातडीला लागून. तुम्ही ती मागची बाजू निळ्या मखमलीत दाबून ठेवता आणि वर लिहिता अनोळखी स्त्री. अहो अनोळखी काय, तिचे केस आहेत तुमच्याकडे! एक आरसा लावा मागे. एवढासा आरसा. नाहीतर बाजूला पाठीचा फोटो लावा.

माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी १७७२ मध्ये चार्ल्स विल्सन पील नावाचा चित्रकार गेला होता, तिथे त्याने मार्था वॉशिंग्टनच्या आणि तिच्या पहिल्या लग्नाच्या दोन्ही मुलांच्या मिनिएचर केल्या. मुलगी पॅट्सी, तिला फिट्स यायच्या. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ती गेली, सतरा वर्षांची. आता आईच्या हातात ते चित्र काय झालं असेल सांगा. चित्र तेच, रंग तेच, पण १७७३ च्या आधी ती एक हौस होती आणि नंतर... जाऊ दे. आमच्या स्टुडिओत पण सगळ्यात घाईची ऑर्डर तेराव्याच्या आधीची असायची, ग्रुप फोटोतून एक चेहरा काढून मोठा करून रंगवून द्यायचा, आणि बाबा त्याचे पैसे लगेच मागायचे नाहीत. हाच पील १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जला, स्वातंत्र्ययुद्धातल्या वॉशिंग्टनच्या सैन्याच्या छावणीत, थंडीत आणि उपासमारीत, ऑफिसरांच्या मिनिएचर काढत बसला होता. घरी पाठवायला. परत जाऊ की नाही कुणाला ठाऊक म्हणून. आणि वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याच्या डायरीत ३ ऑक्टोबर १७८९ ला नोंद आहे की आज जवळजवळ दोन तास रॅमेजसमोर बसलो, तो मिसेस वॉशिंग्टनसाठी माझं मिनिएचर काढतोय. जॉन रॅमेज, आयर्लंडहून आलेला चित्रकार. नवीन देश चालवायचाय, आणि हा माणूस बायकोसाठी दोन तास हलायचं नाही म्हणून बसलाय. हे लिहा की लेबलावर, शाळेची पोरं वाचतील तरी.

दुसरं म्हणजे वेबसाइट. तुमच्या साइटवर ब्रशच्या रेघा मोजता येतील एवढा भारी फोटो आहे, त्याबद्दल खरंच थँक्यू. पण माझ्या नातवाच्या लॅपटॉपवर बोटाएवढी बाई आणि आठ फुटी घोडेस्वार एकाच मापाचे दिसतात. खाली सेंटिमीटर लिहिलेले असतात पण ते कोण वाचतं. बाजूला एक नाणं दाखवा, हात दाखवा, काहीही. ब्रिटिश लोकांनी २०१८ चा हस्तिदंताचा कायदा केला, २०२२ मध्ये लागू झाला, त्यात १९१८ च्या आधीच्या मिनिएचरना सूट आहे, अट अशी की रंगवलेला भाग ३२० चौरस सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे वहीचं एक पान, ए फाइव्ह म्हणतात तेवढं. म्हंजे पार्लमेंटने पट्टी घेऊन माप काढलं, तुम्हाला जमत नाही?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आता ती गोष्ट, जिच्यावर तुम्ही सगळेच गप्प आहात. "हस्तिदंतावर". हत्ती कुठाय? अमेरिकेत हत्ती नव्हते. सुळा बहुतेक आफ्रिकेतून आलेला, म्हणजे कुणीतरी तो मारला, हमालांनी खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला, त्यात गुलामही होते, मग जहाज. एका मिनिएचरला लागतो कापाचा तुकडा, हे मान्य, खरा माल पुढे कंगव्यांत आणि पियानोच्या पट्ट्यांत गेला, कनेक्टिकटमध्ये आयव्हरीटन नावाचं गावच आहे. पण उजेड त्या सुळ्याचा आहे ना? ज्याच्यामुळे त्या बाईचा गाल उजळला त्याच्याबद्दल एक ओळ नको? १८३३ मध्ये अमेरिकेचा मस्कतच्या सुलतानाशी करार झाला, झांजीबार तेव्हा त्याच्याकडे, आणि सेलम बंदराची जहाजं तिथून हस्तिदंत आणायची, बदल्यात मांजरपाटासारखं जाडंभरडं कापड द्यायचे, तिकडे त्याला मेरिकानी म्हणायचे. सेलम माझ्या मुलाच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, तिथल्या चेटकिणींच्या जुन्या खटल्यांमुळे लोक तिथे चेटकिणी बघायला जातात! आणि झांजीबारच्या जकातीचा मक्ता होता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे. आफ्रिकेतला सुळा मुंबई बंदरात पिढ्यानपिढ्या उतरत होता, आपल्याकडच्या चुड्यांसाठी आणि पुढे विलायतेला पाठवण्यासाठीही. म्हणजे हात कुणाचेच स्वच्छ नाहीत, आमचेही नाहीत, मी काही वरून उपदेश करत नाहीये. भारतात १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हा धंदा बंद झाला, तुमच्याकडे २०१६ च्या नियमाने जवळपास सगळा बंद झाला, शंभर वर्षांच्या वरच्या जुन्या वस्तू कागदपत्रं दाखवून सुटतात. सुटू देत. मॅलबोनची बाई फोडून हत्ती परत येणार नाही. पण लपवू नका. मला वाटतं लोकांना सांगितलं तर ते ती चित्रं जास्त वेळ बघतील, कमी नाही.

तिसरं, बायका. सारा गुडरिज, १७८८ चा जन्म, मॅसॅच्युसेट्सच्या टेम्पलटन गावची. लहानपणी कागद परवडेना म्हणून भूर्जाच्या सालीवर टाचणीने चित्रं कोरायची. पुढे बोस्टनला स्टुडिओ थाटला, आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवलं. बहीण एलायझा पण मिनिएचरवालीच. आणि तुम्ही प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य काय लिहिता तर गिल्बर्ट स्टुअर्टची (त्या काळचा नावाजलेला चित्रकार) शिष्या. अहो स्टुअर्टने शिकवलं हे खरं, पण त्याच म्हाताऱ्या स्टुअर्टचं मिनिएचर हिनेच केलंय आणि काय केलंय! नाक, डोळ्याखालच्या पिशव्या, सगळं. तेही लिहा ना पहिल्या वाक्यात.

तिचं दुसरं एक प्रसिद्ध चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, १८२८ चं, आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्रेडिट कार्डाएवढं. त्यात तिने स्वतःची उघडी छाती रंगवलीय. चेहरा नाही, फक्त तेवढंच, भोवती पांढरं वस्त्र. आणि ते डॅनिएल वेब्स्टरला, म्हणजे सिनेटरला, पाठवून दिलं. त्याची बायको त्याच वर्षी जानेवारीत वारली होती. त्याने पुढच्या वर्षी दुसरीशीच लग्न केलं, पण चित्र काही फेकलं नाही, शंभर-दीडशे वर्षं त्याच्या घराण्यातच राहिलं. सुनेला दाखवलं तर ती म्हणाली आई, हे तर आत्ताच्या पोरी फोनवर पाठवतात तसलंच झालं. मी म्हटलं असेल, पण फोनवर एका सेकंदात होतं, हिने चाळीस वर्षांची असताना आरशासमोर बसून ठिपका ठिपका करत किती दिवस घालवले असतील, आणि प्रत्येक ठिपक्याला तिला माघार घेता आली असती. शिवाय इथे ती कातडी खरोखरच अंगाच्याच पदार्थावर आहे, सुळा म्हणजे दातच की. सूनबाई गप्प. या एका चित्रावर मात्र लोक भरभरून लिहितात हां, तिथे लेबलवाल्यांना शब्द कमी पडत नाहीत. गंमत आहे.

डोळे गेले तिचे शेवटी. १८५० च्या सुमाराला काम थांबवलं आणि १८५३ मध्ये गेली. तोवर धंदाही बुडालाच होता. आणि तो बुडवला कुणी ते ऐका. सॅम्युअल मोर्स, तारवाला मोर्स, कॉलेजात असताना खर्चाला पैसे हवेत म्हणून हस्तिदंतावर मिनिएचर करायचा, पाच डॉलरला एक. (वाफेच्या बोटीवाला रॉबर्ट फुल्टनसुद्धा आधी फिलाडेल्फियात मिनिएचरच रंगवायचा, या धंद्यातून किती जण पळाले बघा.) तोच मोर्स १८३९ मध्ये पॅरिसमध्ये फोटोची पद्धत काढणाऱ्या डागेरला भेटला, आणि परत येऊन न्यूयॉर्कमध्ये डागेरोटाइप, म्हणजे त्याच पद्धतीचे फोटो, करायला आणि शिकवायला लागला. ब्रशने आठ दिवस लागायचे ते आता काही मिनिटांत. काही वर्षांत मिनिएचरवाले रिकामे. पण ते गेले कुठे? त्यातले बरेच त्याच फोटोंवर गुलाबी गाल आणि सोनेरी दागिने रंगवायला बसले! फोटो ठेवायच्या चामड्याच्या मखमली डब्यासुद्धा मिनिएचरच्याच चालीच्या. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण हा आमच्याच स्टुडिओचा मूळ पुरुष निघाला. मग रंगीत फिल्म आली आणि बाबांचं तेच झालं. ट्रिपल झीरोचा ब्रश अजून माझ्याकडे आहे, केस झडलेत त्याचे.

तर मागणं एवढंच. पेटीला भिंग, मागे आरसा, फोटोशेजारी हात किंवा नाणं, आणि हत्तीची एक ओळ. यातलं काहीही महाग नाही. काही म्युझियममध्ये ही चित्रं खणांत ठेवलेली असतात आणि आपणच खण ओढून बघायचा, ते फार छान, अंधारात असतात म्हणून रंगही टिकतो आणि खण उघडताना कुणाची तरी खासगी वस्तू बघतोय असं वाटून माणूस आपोआप हळू बोलतो.

मी ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत इथे आहे, मग परत कोल्हापूर. तोवर तुमच्यापैकी कुणी एखादं मिनिएचर उलटं करून दाखवणार असेल तर मंगळवार आणि गुरुवार सोडून कधीही येते, त्या दिवशी धाकटीचं स्विमिंग असतं. हातमोजे तुमचे, भिंग मी आणीन. आणि त्या गार्डला सांगून ठेवा.

कळावे, लोभ असावा.
कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरची मुलगी